पट्ट्यावरचा नंबर

श्वानमित्र संस्थेतली काळी कुत्री, भित्री भागूबाई, पळून तीन दिवस झाले होते. सगळे स्वयंसेवक ऑफिसला कुलूप घालून तिला गल्लोगल्ली शोधत होते. शिंपीणकाकू घरी मशीनवर होत्या, पण टाका काही सरळ पडत नव्हता. कुत्र्यांचे गळपट्टे त्याच शिवत, त्यांवर संस्थेचा फोननंबर दोऱ्याने काढत. "शिवून कितीही देईन, पण कुत्रं घरात येणार नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेवढ्यात घरच्या फोनवर बेकरीवाल्याचा फोन आला. "ताई, एक काळं कुत्रं पिठाच्या पोत्यांमागे दडून बसलंय. पट्ट्यावर हा नंबर आहे. तुमचंच ना?" काकूंनी कपाळावर हात मारला. भागूबाईच्या पट्ट्यावर संस्थेच्या नंबराऐवजी, मुलांच्या दप्तरांवर जन्मभर काढलेला घरचाच नंबर हाताने सवयीने काढला होता. "माझंच," त्या म्हणाल्या. "आलेच." "कोणाचा फोन?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं. "आपली भागूबाई सापडली," काकू चप्पल शोधत म्हणाल्या.