कंडक्टरची शिट्टी
कंडक्टर धर्मपालला सरकारी नोकरी लागली, तेव्हा मोटारकंपनीच्या शेटजींनी त्याची शिट्टी ड्रायव्हर जानरावच्या गळ्यात घातली. “आता दोन्ही कामं तूच करजो.” “पगार वाढन का, शेटजी?” “बढती भेटली ना गड्या! अजून काय पायजे?” तेव्हापासून अकोल्याहून हिवरखेडला जाणाऱ्या गाडीत जानरावच तिकिटं फाडायचा, टपावर गाठोडी चढवायचा, मग स्टिअरिंगवर बसून स्वतःच शिट्टी फुंकायचा अन् स्वतःच गाडी सोडायचा. वर्षं गेली, पगार तोच राहिला. एका बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली, इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. मागून म्हातारी सुंदराबाई ओरडली, “कावून थांबला रे बाप्पा? सोड ना!” जानराव समोर पाहत म्हणाला, “कंडक्टरनं शिट्टी नाई मारली अजून.” सारी गाडी हसली. गळ्यातली शिट्टी इंजिनासोबत थरथरत होती. जानराव वाट पाहत राहिला.