पाणी तयार होईपर्यंत

"एरवी मीठ आणायला पाठवलं तर विसरून येतात. आता बघा, वीस किलोची बादली आलीय, आणि त्यातलं चिमूटभरही आमटीत घालायची सोय नाही."

आई स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलत होती. आवाज मात्र बाहेरच्या खोलीत नेमका पोचेल एवढा.

बाहेरच्या खोलीत बाबा आणि लेक जमिनीवर ओणवे होऊन टाकीचं स्टँड सरळ आहे का ते बघत होते. चार फुटांची काचेची टाकी. आत त्या मिठाचं समुद्रासारखं पाणी भरायचं, दगड रचायचे, पुढे प्रवाळ आणि मासे. बाबांनी चौतीस वर्षं घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्यावर माणूस पाण्याचं नाव काढणार नाही, असं आईला वाटलं होतं.

"भांडी ऐकतायत तोवर ऐकू दे," बाबा हळूच म्हणाले. "तू तिकडून जरा उचल."

लेक आली होती दोन दिवसांसाठी. बाबांच्या कमरेला उचलाउचल झेपायची नाही म्हणून. तिचं घर गाडीने सहा तासांवर. मग म्हणाली, टाकी भरून देते आणि निघते. मग म्हणाली, आता एवढं केलंच आहे, तर मासे आले की जाते.

मासे यायला चार आठवडे होते. टाकीवाल्याने नीट समजावलं होतं. आधी रिकाम्या टाकीत माशांचं खाणं टाकायचं, रोज चिमूटभर. ते कुजतं, पाण्यात अमोनिया होतो, मग तो फस्त करणारे जिवाणू दगडांत वाढतात. आठवड्याने खाणं बंद. अमोनिया शून्यावर येऊन टिकला की पाणी तयार.

"म्हणजे पाहुणे यायच्या आधी मुद्दाम घाण करायची," आई म्हणाली. "आमच्याकडे उलटी पद्धत आहे."

पण आईचीही तक्रार वरवरचीच होती. घरात बरं चाललं होतं. बाप-लेकीने दगडांची गुहा रचली, ती कोसळली, पुन्हा रचली. आली तेव्हा लेक ताटातलं अर्धं तसंच ठेवायची. आता दुसऱ्यांदा भात मागायची. सकाळी आठपर्यंत झोपायची. काच पुसताना गुणगुणायची. एकदा बाबांचा चष्मा टाकीत पडला तेव्हा तर तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

रविवारी जावयाचा फोन यायचा. लेक तो घेऊन गॅलरीत जायची.

"हो. नाही. पाणी तयार नाही झालं अजून."

एवढंच. आत येऊन ती स्वच्छ काच पुन्हा पुसायला घ्यायची.

"काय म्हणतायत?" आई विचारायची.

"काही नाही."

मग आई बाबांना विचारायची, पाण्याचा खारटपणा आज किती आहे. खारटपणाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

चोविसाव्या दिवशी बाबांनी परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात तपासणीचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पिवळी. म्हणजे शून्य.

"दोन दिवस असंच राहिलं, तर रविवारी मासे!"

"मग सोमवारची गाडी बघते," लेक म्हणाली. आईने आमटी उगाच ढवळली.

दोन दिवसांनी नळी हिरवी आली. म्हणजे पुन्हा अमोनिया.

"अरेरे," बाबा म्हणाले. म्हणाले खरे, पण त्या दिवशी जेवले मात्र पोटभर.

पाचव्या आठवड्यात हिरवी. सहाव्यात हिरवी. बाबांनी गाळणी धुतली, अर्धं पाणी बदललं, टाकीवाल्याला घरी बोलावलं. तो खाली बसून दगडांकडे बराच वेळ बघत राहिला.

"आत काही मेलंय का?"

"मरायला काही आत सोडलंय कुठे तुम्ही?" आई म्हणाली.

"कुणी खायला टाकत नाही ना?"

"मासे नाहीत, तर कुणाला वाढणार? भुतांना?"

टाकीवाला डोकं खाजवत गेला. बाबा त्याला दारापर्यंत सोडून आले, ते शीळ घालतच. आईने ती शीळ ऐकली आणि नोंदवून ठेवली.

सातव्या आठवड्यात, एका सकाळी, आई स्टँडखालचं कपाट पुसायला बसली. बाबा पेपर वाचत होते. लेक कोपरापर्यंत हात बुडवून आतून काच घासत होती. आई उठली ती हातात खाण्याची डबी घेऊनच.

"अहो. ही मी स्वतः झाकण लावून ठेवली होती. भरलेली होती. आता तळ दिसतोय."

पेपर खाली आला.

"बघताय काय? तरीच म्हटलं, पाणी हिरवं आलं की यांची कळी कशी खुलते! पोरीला डांबून ठेवायला हे उद्योग? तिचं घर तिकडे खोळंबलंय, जावई दर रविवारी विचारतोय, आणि तुम्ही इथे रोज पाणी नासवताय!"

बाबांनी पेपराची घडी घातली. एकदा. पुन्हा एकदा.

"हो," ते म्हणाले. "मीच टाकत होतो. करमत नाही गं ती गेली की."

आईचा राग तिथेच विरघळला. "मग तोंडाने सांगायचं होतं," ती पुटपुटली, डबी टेबलावर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावत चहा टाकायला आत गेली.

लेकीचा हात पाण्यातच होता. घासणं थांबलं होतं.

बाबा उठून टाकीपाशी आले. आतल्या भांड्यांना ऐकू जाणार नाही, अशा आवाजात म्हणाले,

"उद्यापासून तू टाकू नकोस, बबडे. मासे येऊ देत. तुला त्या घरी परत जायचं नाहीये, तर नाही जायचं."