चहा निवेपर्यंत

"हा चहा निवेपर्यंत सांगायचे," अहिल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपावर बशी झाकली. "मानेसरच्या मोटार कारखान्याला पाठवलेल्या स्प्रिंगांपैकी वर्षभरात किती परत आल्या, महिनावार. सांगितलेस, तर उद्यापासून या खोलीत तुझी खुर्ची. नाहीतर बंगलोरच्या नोकरीला होकार कळव."

"बिल्कुल सांगते, आजी," निधी म्हणाली.

अहिल्याबाईंच्या नोएडातल्या छोट्या स्प्रिंग-कारखान्याचा सारा हिशेब शेजारच्या खोलीत, मुनीम दीनानाथरावांच्या संगणकात होता. निधीने आठवडाभर खपून एक स्क्रिप्ट लिहिली होती. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की तिकडचे आकडे तारेवाटे इकडे यायचे. दीनानाथरावांना हाक मारावी लागत नसे.

तिने ओळ लिहिली. पडद्यावर उत्तर उमटले : जोडणी होत नाही.

"दुपारी तर चालत होतं, यार!"

"मी तुझी यार नव्हे."

निधीने पुन्हा प्रयत्न केला. उत्तर तेच. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

दारात दीनानाथराव डबा घेऊन उभे राहिले. "येतो, बाई. वही मिटली."

पूर्वी ते दिवेलागणीला खरोखरीची वही मिटून कपाळाला लावत. संगणक आल्यापासून हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करीत, यंत्रावर वहीचेच लाल फडके घालीत आणि हात जोडीत.

"काका, बंद केलंत? तिकडे हिशेब उघडा असेल, तरच माझी स्क्रिप्ट तो वाचू शकते!"

"दिवेलागणीनंतर वही उघडायची नाही, बाळ. बाईंचाच नियम आहे."

निधीने कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

दीनानाथराव त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. "हे चाललं, तर आकडे विचारायला माझ्याकडे कोणी येणार नाही. हो ना?"

निधीने मान खाली घातली. "नाही येणार, काका."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. आपल्या खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढल्या आणि ते आत गेले. यंत्र सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. ते चांगलेच सावकाश सुरू होत असे. अखेर आतून आवाज आला, "आता विचार."

निधीने ओळ लिहिली. पडद्यावर बारा महिने भराभर उतरले.

"चारशे सव्वीस परत आल्या, आजी. सगळ्यांत जास्त जुलैमध्ये, एकशे चाळीस." तिने एकेक महिना वाचून दाखवला. मग तिचे लक्ष कपाकडे गेले आणि आवाज उतरला. "पण चहा…"

दीनानाथराव परत आले होते. "बंद नाही केलं," ते म्हणाले. "नुसतं फडकं घातलंय. हिला लागेल."

अहिल्याबाईंनी बशी उचलली. चहावर जाड साय धरली होती. ती त्यांनी चमच्याने बाजूला केली, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी दीनानाथरावांपुढे केली.

"तुमचा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही," त्या म्हणाल्या. "निवला आहे का, सांगा."

दीनानाथरावांनी बशी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

"जीभ भाजली, बाई."