डावं बटण

चाकणच्या त्या कारखान्यात दत्तोबाच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबून धरली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. पण कामाला वेग यावा म्हणून दत्तोबानं डावं बटण रबरी ट्यूबच्या पट्टीनं दाबून कायमचं बांधून टाकलं होतं. नवी सुपरवायझर दीपमाला आली आणि तिनं पहिल्याच दिवशी ती पट्टी कापली.

"चूक ते चूक, काका."

"तुमच्या नजरंत चूक, मॅडम. आमच्या नजरंत वीस वर्सं बरोबरच हाय."

त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी एका दुपारी प्रेसखाली ठेवलेला जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, तिरका बसला. उजवं बटण दाबलेलंच होतं आणि दत्तोबाचा डावा हात जुन्या सवयीनं जॉब सरळ करायला आत गेला. डावं बटण सुटलं, तसा खाली येणारा प्रेस त्याच्या हाताच्या वर वीतभर अंतरावर जागीच थांबला. दत्तोबानं हात बाहेर घेतला, उलटसुलट करून पाहिला, घोटभर पाणी प्यायला आणि कुणाला काही न सांगता पुढचा जॉब लावला.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. दीपमाला पेढे वाटत आली, तेव्हा दत्तोबानं तिच्यापुढे दोन्ही पंजे पसरले.

"पेढा एकच आहे, काका."

"पेढ्यासाठी न्हाई, मॅडम. बोटं मोजा. तुमच्या नजरंनं मोजा न्हाईतर आमच्या, धाच भरतील."