पाऊण तासाचं ऑपरेशन

सिस्टरनं त्याच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि आकडा दोनदा वाचला.

"वाढलंय थोडं."

"वाढणारच," बायको म्हणाली. "चार दिवस झोप नाही त्यांना."

"पडून राहा," सिस्टर म्हणाली आणि गेली. तो पडूनच होता. खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं पलंग गाठला होता. पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे होते, खिडकीला गज होते, आणि गजांपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत होती. बायको उशाजवळच्या स्टुलावर बसली होती. सकाळपासून दोघांच्याही पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. संकटात डोकं शांत कसं ठेवावं, यावर दर सोमवारी कामगारांना अर्धा तास बोलायचा.

"पंखा कमी कर ना. गार लागतंय."

ती कठड्याला धरून उठली, पंखा कमी केला, परत येऊन बसली.

डॉक्टर आले ते हातात प्लास्टिकचा गुडघा घेऊनच. असे प्रसंग त्यांना रोजचे असावेत, कारण कोणी काही विचारायच्या आत ते सुरू झाले.

"ही दोन हाडं, ही मधली गादी. ती फाटलीय. कमरेखाली भूल देतो. दोन बारीक छिद्रं पाडतो. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार. फाटका तुकडा काढला की झालं. पाऊण तास."

"शुद्ध असते?" त्यानं विचारलं.

"असते. पडद्यावर बघताही येतं."

त्यानं डोळे मिटले. "आणि नंतर?"

"संध्याकाळी कुबड्या घेऊन बाथरूमपर्यंत. उद्या घरी. सूज दोन आठवडे राहील. बर्फ, गोळ्या, व्यायाम. पोटरी दुखली किंवा ताप आला तर मात्र लगेच फोन करायचा. टाके बाराव्या दिवशी."

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही."

"मग पहिला आठवडा खाली उतरायचंच नाही."

"पूर्ववत कधी?"

"सहा आठवडे धरा."

"सहा आठवडे," तो म्हणाला. न्यायाधीशासमोर उभा असल्यासारखा म्हणाला. तीन खोल्या आणि एक गॅलरी. त्या घरात आजवर तो सलग दोन दिवसांच्या वर बसून राहिला नव्हता. आता गोळी, बर्फ, व्यायाम, गोळी. घड्याळ सांगेल तसं. साहेबांनी रजाही एका फोनवर मंजूर केली होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच. तीही वाट बंद.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यानं तो दोनदा वाचला. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, क्वचित आणखी काहीबाही.

"सही नाही केली तर?"

"तर आज होणार नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग दोन महिन्यांनी बघू या का? गोळ्यांवर भागतंय की."

"भागत नाही," बायको म्हणाली.

"विचार तरी करू."

"मागच्या दोन तारखांना विचारच केला. दोन वर्षं झाली. करा सही."

ती आवाज चढवून बोलली नव्हती, त्यामुळे वाद घालायला काही हातात लागेना. त्यानं सही केली. खाली तिनंही केली. डॉक्टर प्लास्टिकचा गुडघा काखेत मारून निघून गेले.

फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"दादा, कसा आहेस?"

"आहे अजून."

"धीर सोडू नकोस. वहिनी आहे ना जवळ?"

"आहे."

"मग काय काळजी! काही लागलं तर सांग. डबा पाठवू का?"

"सहा आठवडे पाठवशील?"

"दादा, रेंज जातेय रे," बहीण म्हणाली आणि रेंज गेली.

तो भिंतीकडे तोंड करून वळला. चादर गळ्यापर्यंत ओढली. बायकोनं मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या उशाशी ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अगं, माझं ऐक. अजूनही नाही म्हणता येईल. मी सिस्टरला सांगतो."

"नका सांगू."

"काही झालं तर?"

"काही होत नाही. पाऊण तासाचं तर काम."

"आणि नंतरचं?"

"नंतरचं नंतर."

बाहेर चाकं वाजली. दार उघडलं आणि चाकांची खुर्ची घेऊन वॉर्डातल्या मावशी आत आल्या. "चला, नंबर लागला. कपडे आतच बदलायचेत."

त्यानं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला.

मावशींनी खुर्ची पलंगाला वळसा घालून स्टुलाजवळ नेली. बायको उठली, खुर्चीत टेकली आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं खुर्चीच्या पायरीवर ठेवला.

"तुम्ही पडा," ती म्हणाली. "मी ऑपरेशन करून येते."