मागचा डावा कोपरा

“कुठल्या गाढवानं बसवली होती गं इथली जुनी पट्टी?” शिडीवरून लायलनं विचारलं.

“तुझ्या वडिलांनी.”

“मग बरोबर आहे.”

प्रश्न रोजचाच, उत्तरही रोजचंच. तरी व्हर्ना नव्यानं हसली.

बर्चच्या झाडाच्या सावलीत तो जुना ट्रेलर, गाडीमागं जोडायचं फिरतं घर, उभा होता. साठ हिवाळे सोसून त्याचा रंग विटला होता. कडांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मात्र नव्या, आरशासारख्या. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्याची तेवढी बसायची होती. ती बसली की सरोवरावर जायचं.

व्हर्नाचा हात एप्रनच्या खिशात गेला. तिथं घड्यांवर झिजलेला एक कागद होता. पेन्सिलीनं लिहिलेल्या ठोकळ ओळी: “लायल विसरतो. त्याला काम हवं. तो दुपारी झोपला की पट्टी काढून ठेव. त्याला कळू देऊ नकोस.”

तीस वर्षं तिनं रुग्णालयात वॉर्ड सांभाळला होता. समोर रुग्ण असला की तिची पाठ आपोआप ताठ होई.

लायलनं दोन पत्र्यांच्या सांध्यावर पाणी अडवणाऱ्या पुटीची मऊ दोरी दाबली. आतल्या लाकडातली भोकं सैल झाली होती. प्रत्येकात त्यानं डिंकात बुडवलेली दातकोरणी ठोकली आणि उरलेलं टोक मोडलं. या उन्हाळ्यात दातकोरण्यांचे किती डबे संपले, हे कोणी मोजलं नव्हतं. पट्टीच्या आतल्या बाजूला त्याच्या चौकोनी अक्षरांत लिहिलेलं होतं: मागचा डावा. ती बाजू पुटीवर टेकली आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

त्यानं वळून न बघता तळहात मागं केला.

“स्क्रू, डॉक्टर,” व्हर्ना म्हणाली. “आणि फार पिळू नका. पेशंटचा पत्रा नाजूक आहे.”

“पेशंटला सांग, ओरडायचं असेल तर आत्ताच.”

रविवार होता. ओव्हनमधल्या गरम हॉटडिशचं भांडं घेऊन कर्स्टन आली. व्हर्नानं लेकीला आणि नवऱ्याला कॉफी दिली. लायलनं घोट घेतला, क्षणभर थांबला आणि उरलेली सावकाश संपवली.

“फक्कड झालीय.”

कर्स्टननं मात्र पहिलाच घोट गवतावर थुंकला. “आई! मीठ आहे यात!”

“मग साखरेच्या बरणीत यानंच मीठ भरलं असणार.” व्हर्नानं लायलकडे मायेनं पाहिलं.

“माझंच डोकं,” लायल म्हणाला. “चाळणी झालीय नुसती.”

कर्स्टन कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “वृद्धांच्या त्या होममध्ये एक खोली रिकामी झालीय. मंगळवारपर्यंत कळवायचंय.”

“एकाच माणसाची?” लायलनं विचारलं.

“एकाचीच, बाबा.”

तो पुन्हा शिडी चढला. व्हर्नानं लेकीला बर्चपाशी ओढलं. “ऐक. तुझ्या बाबांना मी कुठंही पाठवणार नाही. चाळीस खाटा सांभाळल्यात मी. एक लायल मला जड नाही.”

“मला ठाऊक आहे, आई,” कर्स्टन म्हणाली, आणि बराच वेळ तिला बिलगून उभी राहिली.

दुपारी शेवटचा स्क्रू बसला. लायलनं पट्टीवरून तळवा फिरवला. “उद्या निघायचं?”

“उद्या निघायचं,” व्हर्ना म्हणाली.

जेवण झालं, तसा तो जांभई देत आत गेला. व्हर्नानं कागद पुन्हा वाचला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. जखम भरलेल्या माणसाचे टाके काढावेत तशी ती एकेक स्क्रू काढत होती. मधूनच घराकडे पाही. खिडकीचा पडदा स्थिर होता. पट्टी पुटीपासून अलगद सुटली. तिनं ती गवतावर निजवली.

पडद्यामागं, स्वयंपाकघरात, लायल उभा होता. त्याच्या शेजारी कर्स्टन.

“मंगळवारी काय सांगू त्यांना?”

“सांग, आमच्या घरी नर्स आहे.”

तो टेबलाशी बसला. व्हर्नाच्या खिशातला कागद आता घडीवर फाटायला आला होता. त्यानं एक कोरा कागद पुढं ओढला, कानामागची पेन्सिल काढली आणि चौकोनी, ठोकळ अक्षरांत पहिली ओळ लिहिली: “लायल विसरतो.”