तयार झाल्याचं ठिकाण

बाटलीवरच्या लेबलाचा उजवा कोपरा अर्ध्या नखाएवढा सुटला होता. शिवशरण कारकुनाने तो अंगठ्याने दाबला, मनात दहापर्यंत मोजलं आणि अंगठा काढला. कोपरा पुन्हा वर आला.

"डिंक पातळ झालाय," महानंदा म्हणाली.

"डिंकाचं सोडा, अक्का. मजकुराचं बोला."

करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, हा नाका सोलापूरच्या रस्त्यावर, हैदराबाद राज्याची हद्द संपत होती तिथे होता. निजामशाही जाऊन चार वर्षं झाली होती, पण बाहेरून येणारा माल अजून इथे उतरायचा, तपासला जायचा आणि शिक्का बसला की मगच पुढे जायचा.

महानंदा महिन्यातून एकदा हद्दीच्या आतल्या आपल्या गावाहून, निंबर्ग्याहून, मोटारीने सोलापूरला मावशीकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला लावायच्या 'मोगरी स्नो'ची पेटी घेऊन परतायची. जाताना तिच्याजवळ कडीचे दोन डबे असत. बाहेर जाणारं दूधदुभतं नाक्यावर कुणी उघडून बघत नसे.

"मावशीला दही लई आवडतंय वाटतं," शिवशरण दर खेपेला म्हणायचा.

"तिकडं म्हशीला चारा कुठला, अण्णा," ती उत्तर द्यायची.

स्नो गुलबर्ग्याला अमृतप्पांच्या दुकानात जायचा. अमृतप्पांचा एकच नियम होता. नाक्याचा शिक्का नसलेली बाटली ते फळीवर ठेवत नसत. शिक्का म्हणजे बाहेरचा माल; गिऱ्हाईक आधी तो बघतं, मग वास घेतं, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी कुणी एका खेड्यातल्या स्नोची बाटली दाखवायला नेली, तर त्यांनी झाकणही न उघडता परत केली होती. आता दिवाळीसाठी त्यांनी सहा डझन बाटल्या मागवल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत त्या पोचल्या नाहीत तर ते मुंबईचा माल भरणार होते, आणि मग मोगरीला त्या फळीवर पुन्हा जागा मिळणार नव्हती.

लेबलांबद्दलचा नवा हुकूम पावसाळ्यात आला होता. पहिल्या खेपेला वजन नव्हतं म्हणून शिवशरणने अडवलं. महानंदाने मोटार सुटायच्या आत पट्ट्या चिकटवल्या. पुढच्या खेपेला घटक हवे होते. तिने तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलीने लिहिले: स्टिअरिक अ‍ॅसिड, पोटॅश, ग्लिसरीन, पाणी, मोगऱ्याचं अत्तर. प्रत्येकापुढे शेकडा प्रमाण.

"एवढं तोंडपाठ?" शिवशरणने विचारलं होतं.

"दोन वर्षं हैदराबादला विज्ञान शिकले मी. लग्न झालं, परीक्षा राहिली. पाठांतर तेवढं राहिलंय."

आता एकच रकाना कोरा होता. तयार झाल्याचं ठिकाण.

"दोन खेपा मी डोळेझाक केली," शिवशरण म्हणाला. "गुरुवारी साहेब तपासणीला यायलेत. कोरं सोडलं तर माझी नोकरी जातीया. सोलापूर लिहू?"

"नको."

"कामून?"

"सोलापुरात नुसत्या बाटल्या भरत्यात."

"मग मुंबई?"

"न्हाई."

शिवशरण पुढे झुकला. आवाज खाली आला. "विलायती हाय का? असंल तर सांगा, अक्का. कर जादा बसंल, पण पेटी सुटंल. मागाहून खोटं निघालं तर दोघंबी अडकू."

"खोटं लिहायचं न्हाई म्हणूनच गप हाय, अण्णा."

मागच्या खोलीतून त्याची बायको गुरुबाई चहा घेऊन आली. पेटी बघताच तिचा चेहरा फुलला.

"आलात व्हय? माझी बाटली सरून आठ दिस झाले. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, खोबरेल लाव."

"पेटी अडकलीया," शिवशरण म्हणाला. "कुठं तयार झालं ते ह्या सांगंनात."

"तुमाला काय करायचंय? तुमी लावणार हाव का तोंडाला?" गुरुबाईने बाटली उघडली, बोटभर स्नो हाताच्या पाठीवर चोळला आणि हात उजेडात धरला. "बघा. तेलकटपणा न्हाई, पांढरा थर न्हाई. आपल्याकडं असलं व्हायला शंभर वर्षं लागतील. ज्या बाईनं केलंय, तिला एकदा बघायचंय मला."

"बाईच कशावरून? मोठा कारखाना असंल. यंत्रं असतील."

"यंत्राला काय कळतंय, थंडीत गालाची साल कशी निघतीया ते."

महानंदा हसली. मग चहा हातात तसाच धरून गुरुबाईच्या हाताकडे बघू लागली.

बाहेर मोटारवाल्याने भोंगा वाजवला. आतले उतारू ओरडू लागले. शिवशरणने टाक दौतीत बुडवला आणि लेबलावर धरला.

"शेवटचं विचारतो, अक्का. खरं सांगा, न्हाईतर पेटी हितंच ऱ्हाईल. कुठं तयार होतंय?"

हे उत्तर ती दोन वेळा नाक्यापर्यंत घेऊन आली होती आणि दोन्ही वेळा तसंच परत घेऊन गेली होती. तिने कप खाली ठेवला.

"निंबर्गा लिहा, अण्णा," महानंदा म्हणाली. "माझ्या घरच्या चुलीवर."